मनकर्णाबाईची चाल

एप्रिलातल्या त्या दुपारी उत्तरा व्यायामाच्या हॉलची किल्ली आणायला निघाली, तेव्हा आवारात चिटपाखरू नव्हतं. ब्याऐंशी सालचा उन्हाळा. नागपुरात भर दुपारी शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत, आणि पडलीच तर खिशात कांदा घालून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. उत्तरा तशीच उघड्या डोक्यानं निघाली होती. शहाण्या माणसांनी काय करावं हे तिनं कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

काटोल नाक्याच्या पलीकडे हातापायांनी अधू झालेल्यांसाठी बांधलेलं ते लहानसं रुग्णालय. फिजिओथेरपीची पदवी मिळाल्यावर तिथंच राहून, रोगी सांभाळत दोन वर्षं पुढचं शिक्षण घ्यायची सोय नुकतीच झाली होती, आणि उत्तरा पहिल्या तुकडीतली. तुकडी म्हणजे ती एकटीच. धरमपेठेत तिच्या घरी हे प्रकरण अजून कुणाला नीट कळलेलं नव्हतं. वडील कचेरीत सांगायचे, "मुलगी डॉक्टरकी करते," आणि आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "म्हणजे लोकांचे पाय चेपते, दुसरं काय!" उत्तरा हसून सोडून द्यायची. आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि आज ना उद्या ते इतरांनाही कळेल याची तिला खात्री होती.

फक्त त्या एप्रिलात एक गोष्ट तिच्या घशात अडकली होती. मनकर्णाबाई.

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराची ही बायको, अजून तिशीसुद्धा न गाठलेली. दिवाळीनंतर तिला ताप आला, आणि जाताना तो दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. कमरेखाली हालचाल म्हणून उरली नाही. जानेवारीपासून ती इथं होती आणि तिची चार वर्षांची पोर, तारा, तिकडे गावाला. मनकर्णाबाई बोलायला लागली की म्हशीपासून जावेपर्यंत कुठंही जायची, पण शेवटी तारापाशीच यायची. "पोट्टी जेवत नाही म्हनते बाई. जाऊ भरवते, तं तोंड फिरवते." मग ती उत्तराचा हात घट्ट धरायची. "मी आपल्या पायानं घरी जाईन ना जी?"

"जाल," उत्तरा म्हणायची. "मी चालवीन तुम्हाला."

असा शब्द रोग्याला द्यायचा नसतो, हे अगदी पहिल्या वर्षात शिकवतात. उत्तरानं दिला होता. त्यात मार्च महिन्यात तिच्या हातून आणखी एक घोटाळा झाला होता. लुळ्या स्नायूत जीव परतायला लागला की पाय लगेच हलत नाही. आधी आत नुसतं एक स्फुरण येतं, डोळ्यांना न दिसणारं. ते बोटांनी शोधायचं. मांडीवर बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि रोग्याला सांगायचं, गुडघा खाली दाबा. उत्तराला ते सापडलं. तिनं मनकर्णाबाईला सांगितलं, तिच्या नवऱ्याला, चंपतरावांना सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं बागेतल्या संत्र्यांची टोपली आणून सगळ्या वॉर्डात वाटली. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख यमुताईंनी त्याच जागी बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि उत्तराला व्हरांड्यात नेऊन म्हणाल्या, "ती तुझ्याच बोटातली नाडी होती गं."

नवशिक्यांची ही नेहमीची चूक. पण चंपतरावांना खरं सांगायचं काम उत्तराकडेच आलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, रिकामी टोपली उचलली आणि बसस्टँडकडे चालू लागले. त्या रात्री उत्तराला जेवण गेलं नाही.

म्हणून ही दुपारची किल्ली. सगळे जेवून आडवे झाले की ती मनकर्णाबाईला चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये आणायची आणि आणखी एकदा व्यायाम द्यायची. यमुताईंची परवानगी होती. "हात दुखतील तुझे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

हॉल लांबलचक. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, नुकत्याच भिजवलेल्या. बाहेरच्या उन्हातून आत आलं की घटकाभर काहीच दिसायचं नाही. ओल्या वाळ्याचा गारठा, थेंबांचा आवाज, आणि बाहेर गरम वाऱ्याचं घोंगावणं. दूरच्या टोकाला चालायला शिकवायच्या दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यामागे भिंतभर आरसा. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून उत्तरानं आतून कडी घातली, मनकर्णाबाईला उचलून उंच पलंगावर निजवलं, आणि तिच्या डाव्या मांडीवर बोटं टेकून डोळे मिटले.

"गुडघा खाली दाबा."

काही नाही.

"पुन्हा."

काही नाही. आणि मग मागून कुणीतरी तिच्या हातांवर हात ठेवले.

उत्तरा दचकली नाही, कारण यमुताईंची शिकवण्याची रीतच ती होती. पुस्तक बाजूला ठेवायचं, विद्यार्थिनीच्या हातांवर आपले हात ठेवायचे, आणि बोटं जिथं हवीत तिथं न्यायची. हे असं हातानंच एकाकडून दुसऱ्याकडे जातं, असं त्या म्हणायच्या. आत्ताही ते हात तिच्या बोटांना अलगद सरकवत होते, किंचित आत, किंचित खाली. कोरडे, गार हात. मालिशला लावायच्या शंखजिऱ्याच्या पुडीचा वास आला. बोटं एका जागी थांबली.

"दाबा," उत्तरा म्हणाली.

आणि तिथं ते होतं. पाण्याखाली मासोळी वळावी तसं, एकदा, आणि पुन्हा एकदा. नाडी अशी सांगितल्यावर येत नाही. "ताई, आहे!" ती ओरडलीच. "खरंच आहे!"

तिनं डोळे उघडले. मागं कुणी नव्हतं. दाराची कडी जशीच्या तशी होती.

मनकर्णाबाई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. "ह्या बाई नव्या आल्या का जी?" तिनं हळूच विचारलं.

"कोण बाई?"

"तुमच्या मागं होत्या ते... गेल्या ना आत्ता. तिकडं." तिनं हॉलच्या टोकाकडे मान केली. "पायानं अधू हायेत वाट्टे."

तिकडे दांड्या होत्या, आणि आरसा.

उत्तराच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला. तरी तिनं आरशापर्यंत जाऊन पाहिलं, कारण न पाहणं तिच्या स्वभावात नव्हतं. आरशात तीच होती. यमुताई तर, तिला मागाहून कळलं, त्या दिवशी कन्हानला खाणकामगारांच्या शिबिराला गेल्या होत्या आणि दिवेलागणीला परत आल्या. दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः मनकर्णाबाईची मांडी तपासली आणि त्यांचा चेहरा उजळला. "या वेळी खरं आहे. शाब्बास!" उत्तरानं ती शाबासकी मुकाट्यानं घेतली. हातांचं काही सांगितलं नाही. सांगणार काय?

दुसऱ्या दुपारी हात पुन्हा आले. तिसऱ्याही. सुरुवातीला उत्तरानं दोन-तीनदा मागं वळून पाहिलं, हे खरं आहे. पण एकदा डोळे मिटून घेतले की भीतीला जागाच उरायची नाही, इतकं ते शिकवणं सुंदर होतं. कुठं आधार द्यायचा, कुठं सोडायचा, पाय दमायच्या आत कसं थांबायचं, हे ते हात नुसत्या दाबानं सांगायचे. डाव्या हाताच्या तळव्याला, मनगटाजवळ, एक टणक घट्टा होता. तोही तिच्या ओळखीचा झाला. भूत असेल तर असो, शिकवतं छान, असं तिनं मनाशी म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदाला हसली. तिची बोटं आता अशी तयार झाली की सकाळच्या फेरीत यमुताई दुसऱ्या रोग्यांसाठीही तिला पुढं करू लागल्या. उत्तराची मान ताठ होती, ती आणखी ताठ झाली.

मनकर्णाबाईचे पाय तर पाहत राहावं असे सुधारत होते. एप्रिल संपताना टाच पलंगावरून घसरत वर येऊ लागली. मे महिन्यात गुडघा सरळ झाला.

"मज्जातंतू इतक्या लवकर भरून येत नाहीत," यमुताई म्हणाल्या. "तू दुपारी नक्की काय करून राहिली आहेस?"

"तुम्ही शिकवलं तेच," उत्तरा म्हणाली.

मनकर्णाबाईचं बोलणं मात्र कमी होत चाललं होतं. आधी त्यातून म्हैस गेली, मग जाऊ गेली. एके दिवशी उत्तराच्या लक्षात आलं की आठवडाभरात हिच्या तोंडून ताराचं नाव आलेलं नाही. थकत असेल, तिनं विचार केला. उन्हाळाही तसाच होता.

मे अखेरीस एका सकाळी, सगळ्या हॉलसमोर, मनकर्णाबाई दांड्यांच्या मधून पहिल्यांदा चालली. बाकीचे रोगी टाळ्या वाजवायला लागले. यमुताई चहाचा कप हातात घेऊन दारात आल्या, आणि तिथंच थबकल्या. मनकर्णाबाई डावं पाऊल टाकताना दर वेळी कमरेत वाकत होती आणि डाव्या हाताचा तळवा मांडीवर दाबत होती. दाबायचं, पाय टाकायचा, खांदा झुलवून उभं राहायचं. ठेका धरल्यासारखं.

"ही चाल तिला कुणी शिकवली?" यमुताईंचा आवाज ओळखू येईना.

"कुणी नाही. आपोआप करते. तिला गरजही नाही ताई, मांडीत चांगली ताकद आहे, मी पाहिलंय."

यमुताईंनी कप खिडकीत ठेवला आणि उत्तराला ऑफिसात नेलं. दार लावलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. या बाईंना इतकं घाबरलेलं उत्तरानं कधी पाहिलं नव्हतं.

"गोपिका नावाची माझी पहिली विद्यार्थिनी," त्या म्हणाल्या. "कन्हानची. ही दोन वर्षांची सोय नव्हती तेव्हा माझ्या हाताखाली शिकायला आलेली. लहानपणी पोलिओ झालेला, डावी मांडी पार वाळलेली. असा हात दाबून दाबून चालायची, तळव्याला घट्टा पडला होता. पण हात! तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. किती माणसं तिनं उभी केली या हॉलमध्ये. संध्याकाळी दांड्यांपाशी बसून म्हणायची, ताई, मी सगळ्यांना पाय देते, मला कोण देईल? शिक्षण पुरं व्हायच्या आत गेली. उन्हाळ्यातली कावीळ." त्यांनी उत्तराचे दोन्ही हात धरले. "उत्तरा, खरं सांग. दुपारी तुझ्या हातांवर... कुणी हात ठेवतं का?"

उत्तरानं मान खाली घातली.

"उद्यापासून दुपारचा व्यायाम बंद. मनकर्णाला सकाळी घ्यायचं, सगळ्यांसमोर, आपल्या स्वतःच्या हातांनी. लागू देत वर्ष. तिच्या पायांत तिचीच ताकद यायला हवी. कळलं?"

कळलं तर होतंच. पण परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती, मुंबईहून परीक्षक यायचे होते, आणि मनकर्णाबाई हीच उत्तराची परीक्षेची रोगी होती. अजून ती दांड्यांच्या बाहेर एकटी चालत नव्हती. थोडंसंच राहिलंय, आणि शब्द तर आपण दिलाय, असा तिनं स्वतःशी हिशेब मांडला. यमुताई दुपारी घरी जेवायला गेल्या की ती पुन्हा किल्ली आणू लागली.

त्यातल्याच एका दुपारी मनकर्णाबाईनं तिचं मनगट धरलं. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलत होती, आणि फार लांबून बोलल्यासारखी.

"बाई, हे पाय माहे नोहेत जी."

"असं काय म्हणता? इतके छान चालता!"

"पाय चालतेत... मी नाही चालत. पाय पुढं निंगून जातेत अन् मी मागंच राहून जाते. रोज थोडी थोडी मागं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काहून असं होऊन राहिलं जी? मले पोरीचं तोंड आठवून नाही राहिलं..."

क्षणभर तिला वाटलं, थांबावं, हिला उचलून वॉर्डात न्यावं. मग तिनं मनकर्णाबाईचे डोळे पदरानं पुसले. "बरेच महिने पाय नव्हते ना, म्हणून परके वाटतात. सवय होईल," ती ठामपणे म्हणाली, आणि मांडीवर बोटं टेकून डोळे मिटले. हात आलेच होते. त्या दिवशी ते गार नव्हते.

परीक्षा उत्तम झाली. परीक्षकांनी मनकर्णाबाईला हॉलभर चालायला लावलं, पायऱ्या चढवल्या, दोन्ही मांड्यांची ताकद स्वतः पाहिली आणि भुवया उंचावल्या. "मग हात का दाबते ही?" त्यांनी विचारलं. "सवय आहे सर, जाईल," उत्तरा म्हणाली. जाताना ते यमुताईंना म्हणाले की असे हात शिकवून येत नाहीत. यमुताईंनी उत्तराच्या हातांकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात चंपतराव बायकोला न्यायला आले. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, आणि कडेवर तारा. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून मनकर्णाबाई चालत येऊ लागली, आणि ते पाहतच राहिले. डोळे वाहत होते, पण कपाळावर एक आठी होती.

"इची चाल अशी नोहती बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे तं तरातरा चाले. माह्या पुढं निंगून जाये." मग त्यांनी स्वतःच मान झटकली. "पन चालते ना! बस झालं. तुम्ही देवावानी पावल्या आमाले." आणि पोरीला खाली उतरवून म्हणाले, "जाय वं तारा, थे पाहा तुही माय."

तारानं समोरून येणाऱ्या बाईकडे पाहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहिलं. मग तिच्या बाजूनं, तिच्या लुगड्याला अंग न लागू देता, ती पोर निघाली आणि थेट हॉलमध्ये शिरली.

"लाजली," चंपतराव हसले. उत्तरा तिच्या मागोमाग गेली.

आत अंधार होता, ताट्या नुकत्याच भिजवलेल्या. पलंगापाशी मनकर्णाबाईची चाकाची खुर्ची होती, रिकामी. तारा तिच्यासमोर उभी होती. तिनं दोन्ही हात खुर्चीत पसरले होते आणि मांडीवर ठेवावं तसं डोकं ठेवलं होतं.

"माय, चाल ना वं घरी," ती म्हणाली. "काहून बसून राहिली इथं?"

मग तिनं डोकं वर केलं आणि ऐकत राहिली. बराच वेळ ऐकत राहिली, मधून मान हलवत.

"मंग मी बी इथंच रायते," ती म्हणाली.

चंपतरावांनी तिला उचललं तेव्हा तिनं जी किंकाळी फोडली, ती फाटकापर्यंत ऐकू जात होती. बापाच्या खांद्यावरून ती हॉलकडे हात पसरून रडत होती. फाटकापाशी उभी असलेली तिची आई एकदाही वळली नाही. तिनं डाव्या तळव्यानं मांडी दाबली, पायरी उतरली आणि रस्त्याला लागली. यमुताई व्हरांड्यात खांबाला धरून उभ्या होत्या. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग आत गेल्या.

उत्तरा हॉलमध्ये परतली. तिला रडू फुटत होतं आणि स्वतःचा संतापही आला होता. पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतली ती नव्हती. शब्द तिनं दिला होता, आणि तो मनकर्णाबाईला दिला होता. तिनं दाराला कडी घातली, हातांना शंखजिऱ्याची पूड लावली आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली. माणूस बसलं असतं तर मांडी जिथं आली असती, तिथं, बैठकीच्या वर, तिनं हवेत बोटं ठेवली. बोटं टेकली. ती आणखी खाली जाईनात. हाताखाली ऊब होती.

तिनं डोळे मिटले. या वेळी तिच्या हातांवर दुसऱ्या कुणाचे हात आले नाहीत. शोधायचं होतं ते तिचं तिलाच.

"मनकर्णाबाई," ती म्हणाली, "मी आहे इथं. गुडघा खाली दाबा."

खुर्चीच्या कापडी बैठकीनं हळूच करकर केली.